भांडी घासायला एवढ्या लांब?

बावीस वर्षं मी हिशेबाच्या वह्या सांभाळल्या. दर रविवारी चर्चमध्ये उपासना, न चुकता दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, मंडळीचे म्हणजे आमच्या चर्चचे जमाखर्चही माझ्याकडेच. तरी पन्नाशीच्या तोंडावर एक गोष्ट मनाला कुरतडायला लागली, की देवाने आपल्याला नेमकं कशाला ठेवलंय? पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, झालेली माणसं साक्ष देताना रात्री हाक ऐकू आल्याचं सांगतात. मला कधी काही ऐकू आलं नाही. मग एका सभेत हॉस्पिटल जहाजाची चित्रफीत दाखवली. शेवटी म्हणाले, डॉक्टर-नर्सइतकीच गरज स्वयंपाकी, सुतार, शिक्षक, हिशेबनीस यांचीही असते. हिशेबनीस! घरी येऊन अर्ज भरला. माझं पाचारण ते एवढंच.

मर्सी शिप्स ही ख्रिस्ती संस्था 1978 पासून अशी जहाजं चालवते. मला जायचं होतं ‘ग्लोबल मर्सी’वर, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाऊन बंदरात. सहा ऑपरेशन थिएटरं, 199 खाटा, आणि राबणारे बहुतेक सगळे स्वयंसेवक.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा, पण सरळ. स्वतःच्या विश्वासाबद्दल लिहा, पाळकांचं म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं आणि कामावरच्या साहेबांचं शिफारसपत्र आणा, वैद्यकीय तपासणी करा, पोलिसांचा दाखला जोडा. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. त्याआधी ते कार्ड ग्राह्य धरत नाहीत. एकदा घेतली की मात्र आयुष्यभर चालते.

महिन्याभराने उत्तर आलं. हिशेब विभागात जागा नाही, जेवणघरात आहे. म्हणजे टेबलं मांडायची, पुसायची, भांडी धुवायची. दोन दिवस मी कुणाशी धड बोललो नाही. बायको म्हणाली, “घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाहीत. जा, शिकून या.” हो कळवलं.

खरी परीक्षा पुढेच होती. तिथे पगार नाही हे ठाऊक होतं, पण राहण्या-जेवणाचा खर्चही मलाच भरायचा होता. विमानाचं तिकीट आपलं, विमा आपला. माझ्या शिल्लकीतून निम्मं निघत होतं. उरलेलं लोकांकडे मागायचं. आयुष्यभर देणाऱ्याच्या बाजूला बसलेलो मी, दानपेटीची किल्ली माझ्याकडे. मागायचं या विचारानेच घशाला कोरड पडली.

पळवाट मी शोधून ठेवली होती. 1865 साली चीनमध्ये धर्मप्रसारासाठी चायना इनलँड मिशन काढणाऱ्या हडसन टेलरांचा नियमच होता, की माणसांपुढे हात पसरायचा नाही, फक्त देवाकडे मागायचं. मीही तसंच करतो, असं पाळकसाहेबांना ऐकवलं. ते हसले. “टेलर मागत नव्हते ते विश्वासापोटी. तुम्ही मागत नाही ते लाजेपोटी. दोन्ही एका खात्यात टाकू नका.”

हिशेबनिसाला हे बरोबर लागलं.

मग त्यांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढून दिला. मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया आपल्या पदरच्या पैशाने येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवत होत्या, हे तिथे साधेपणाने लिहिलंय. हा उतारा मी कितीदा वाचला असेन, पण जमाखर्च बघणाऱ्याच्या नजरेने कधीच वाचला नव्हता.

पत्राचा मसुदा दाखवला. त्यांनी लाल पेन घेतलं. ‘शक्य असल्यास’ तीनदा आलं होतं, ‘तसदीबद्दल क्षमस्व’ दोनदा. पाचही खोडलं. म्हणाले, “नाही म्हणायचं तर ते म्हणतील. त्यांच्या वतीने तुम्ही कशाला म्हणता?”

चाळीस पत्रं गेली. ज्यांच्यावर भिस्त होती त्यांतल्या काहींनी उत्तरच दिलं नाही. त्याचं वाईट वाटलं, अजून थोडं वाटतं. आणि मंडळीतल्या शिवणकाम करणाऱ्या एका मावशींनी, ज्यांना मी मुद्दाम पत्र पाठवलं नव्हतं, उपासनेनंतर हातात पाकीट ठेवलं. लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट उलटं करून चिकटवलेलं. बाहेर पेन्सिलीने तारीख, आत दुमडलेल्या नोटा. पुढचे चार महिने दर पहिल्या रविवारी तसंच पाकीट येत राहिलं. ती रक्कम वहीत लिहिताना दर वेळी मला थोडा वेळ लागायचा.

जहाजावरचे पहिले आठ दिवस मी पाठ धरून काढले. भांड्यांच्या मशिनचं झाकण उघडलं की वाफ अंगावर यायची, चष्मा पांढरा व्हायचा, ट्रे चटके देत हातात यायचे. माझ्या जोडीला एक निवृत्त शिक्षिका, कॉलेज संपवून आलेला एक पोरगा आणि पगारावर घेतलेले तिथले स्थानिक लोक. त्यांच्यातला एकजण रोज तिथल्या क्रिओ भाषेत विचारायचा, “हाव दी बॉडी?” तब्येत कशी आहे? उत्तर त्यानेच शिकवलं: “आ टेल गॉड टेंकी.” देवाचे आभार मानतो. कंबर मोडलेली असतानाही तेच म्हणायचं असतं.

जहाजावर रक्ताचा मोठा साठा नसतो, क्रूच चालती-फिरती रक्तपेढी. पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवलं होतं. एका दुपारी मी ताटं रचत असताना बोलावणं आलं. एप्रन काढला, खाली गेलो, रक्तदाब बघितला, अर्ध्या तासात पिशवी भरली. कुणाला लागणार ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रक्कम निघाली आणि कोणत्या खात्यावर गेली ते ठाऊक नाही, असं माझ्या नोकरीत एकदाही झालं नव्हतं. वर येऊन उरलेली ताटं रचली. त्या रात्री देवाने कशाला ठेवलंय हा प्रश्न डोक्यात आला नाही. त्यानंतरही क्वचितच येतो.

परतल्यावर मावशींना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “भांडी घासायला एवढ्या लांब?” आणि स्वतःच खूप हसल्या. रक्ताचं ऐकून मात्र गप्प झाल्या.

परवा मंडळीतली एक मुलगी पत्राचा मसुदा घेऊन आली. ती पुढच्या वर्षी जातेय, नर्स म्हणून. पहिल्याच ओळीत ‘शक्य असल्यास’. मी ड्रॉवरमधून लाल पेन काढलं.