घटस्फोट झाला, विल झालं, तरी एक्सचा दावा?

विल केलं की विषय संपला असं आपण धरून चालतो, आणि त्यात रीतसर घटस्फोट झालेला असेल तर एक्सचा काय संबंध, असं कोणीही म्हणेल. पण इंग्लंड-वेल्समध्ये संबंध येऊ शकतो बरं का. तिथे १९७५ चा कायदा आहे, मयताच्या इस्टेटीतून आपली पुरेशी सोय झाली नाही म्हणून कोर्टात जाता येतं, आणि त्या यादीत नवराबायको, मुलं यांच्यासोबत घटस्फोटित जोडीदारही बसतो. अट एवढीच की त्याने पुन्हा लग्न केलेलं नसावं.

गंमत म्हणजे तिथलाच विलचा कायदा म्हणतो, घटस्फोट झाला की जुन्या विलमध्ये एक्सच्या नावे ठेवलेलं सहसा बाद, ती व्यक्ती आधीच वारली असं समजायचं. म्हणजे विलपुरती मेलेली आणि दाव्यापुरती जिवंत!

आता घाबरून जाऊ नका, दावा टाकता येतो म्हणजे पैसे मिळतात असं नाही. मिळालं तरी सहसा उदरनिर्वाहापुरतंच, इस्टेटीतला वाटा वगैरे नाही. १९८१ च्या फुलार्ड केसमध्ये अपील कोर्टाने स्पष्टच सांगितलं की घटस्फोटाच्या वेळीच पैशांचा हिशोब मिटला असेल तर असे दावे क्वचितच टिकतील. टिकू शकतो तो कुठला, तर वर्षानुवर्षं पोटगी चालू होती आणि माणूस गेल्यावर विम्याचे वगैरे मोठे पैसे मोकळे झाले, तसला. आणि मला ते पटतं, कारण पोटगीवर जगणाऱ्या बाईचं उत्पन्न एका रात्रीत बंद होणार आणि विमा भलत्याच्या खिशात जाणार, मग तिने गप्प बसायचं का? उलट वीस वर्षांपूर्वी सगळं घेऊन वेगळी झालेली व्यक्ती अंत्यविधीनंतर वकिलाची नोटीस पाठवते तेव्हा मात्र डोकं फिरतं.

लग्न न करता एकत्र राहिलेल्यांचं वेगळंच. आधीच वेगळे झाले असतील तर नुसतं पूर्वी एकत्र राहिलो म्हणून भागत नाही, मृत्यूच्या वेळी मयत त्यांचा खर्च उचलत होता हे दाखवावं लागतं.

ज्यांना हे टाळायचंय त्यांनी विलच्या आधी घटस्फोटाची ऑर्डर काढून वाचावी. पुढे इस्टेटीवर दावा करता येणार नाही, असं वाक्य त्यात घालून घेता येतं आणि बरेच जण घालतच नाहीत. आणि वारसांनी प्रोबेट (म्हणजे विलला कोर्टाची मंजुरी) मिळाल्यापासून सहा महिने वाटणीची घाई करू नये, दाव्याची साधारण मुदत तेवढीच असते, पण कोर्ट ती वाढवूनही देऊ शकतं.