बिलाच्या कोडमधला वेगळा धागा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग मी जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय. परवा मालक म्हणाले, "बिल कुणी, कधी बदललं ते दिसायला पाहिजे, बघा." कोड उघडला. बिल, स्टॉक, मजुरी, जिथं बघावं तिथं लॉग (नोंद ठेवणं) आणि परवानगीच्या त्याच त्या ओळी. मूळ हिशोब मध्ये कुठंतरी दबलेला. दोन मेथडमध्ये, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांत, तर परवानगी तपासायचीच राहून गेली होती. जिवाला फार लागलं.

झेरॉक्स पार्क (PARC) या संशोधन केंद्रातल्या ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये यावरच मांडणी केली: सगळीकडे पसरणारं काम एका 'अ‍ॅस्पेक्ट'मध्ये लिहायचं, ते कुठं लागू करायचं हेही वेगळं सांगायचं; याला पुढं 'पॉइंटकट' म्हणू लागले. हे मूळ कोडशी जोडण्याला त्यांनी शब्द वापरला 'वीव्हिंग', विणणं! आमचं बालपण मागांच्या खडखडाटात गेलेलं. चादरीची नक्षी जेकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर असते. पुठ्ठे बदलले की त्याच मागावर दुसरी नक्षी उतरते. मला ते लगेच पटलं.

स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कमध्ये (तयार चौकटीत) अ‍ॅस्पेक्ट लिहिला, पण दर बदलल्याची नोंद काही येईना. अख्खा दिवस गेला. स्प्रिंग कोडमधल्या वस्तूभोवती (ऑब्जेक्टभोवती) प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ वस्तू, उभी करतं. बाहेरून आलेला कॉल तिच्यातून जातो, नोंदही तिथंच होते. माझं 'बिल जतन करा' मात्र त्याच क्लासमधल्या 'दर बदला'ला थेट हाक मारत होतं, म्हणजे प्रॉक्सीला वळसा. 'दर बदला' वेगळ्या क्लासमध्ये नेलं. रात्री साडेनऊला पहिली नोंद उमटली: तारीख, वेळ, जुना दर, नवा दर.