आज १८० जमलं!

वेकबोर्डवर (बोटीला बांधलेल्या दोराचं हँडल धरून पाण्यावर चालवायची फळी) आज पहिल्यांदा बोटीच्या लाटेवरून उडून अर्धी, म्हणजे १८० अंशांची गिरकी घेतली आणि उलट्या पायावर, म्हणजे नेहमीचा मागचा पाय पुढे ठेवून, नीट उतरले. हात अजून थरथरतायत, पण लिहिल्याशिवाय राहवत नाहीये.

बाहेरून बघताना वाटतं, गिरकी म्हणजे अंग जोरात फिरवायचं. तसं अजिबात नाही. सगळा खेळ हँडलचा आहे! दोर ताणलेला हवा आणि हँडल खाली, कमरेला चिकटून. ते अंगापासून लांब गेलं की बोट तुम्हाला पुढे खेचते आणि गिरकी अर्ध्यातच मरते. लाटेच्या माथ्यापर्यंत बोर्डाची कड पाण्यात रुतवून ठेवायची, तिथे पाय ताठ करून उडायचं आणि मगच मान वळवायची. आधी डोकं, मग खांदे. बोर्ड आपोआप मागून येतो. आधीच वळलं तर कड सुटते आणि उंचीच मिळत नाही.

याची तयारी सपाट पाण्यावर केली होती. वजन मधोमध ठेवून बोर्ड चपटा केला की खालच्या फिनची (बोर्डाच्या तळाच्या छोट्या पात्याची) पकड सुटते आणि तो सरकत फिरतो. उलट्या पायाने चालवायचा सराव कंटाळवाणा आहे खरा, पण १८० नंतर उतरायचं तसंच असतं. नवीन शिकणाऱ्यांनो, तो टाळू नका.

३६० मध्ये, म्हणजे पूर्ण गिरकीत, हँडल पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात घ्यायचं असतं. ते सध्या जमिनीवरच, झाडाला दोर बांधून चालू आहे. पाण्यात जमलं की व्हिडिओ टाकतेच!