'ब्राउझर वापरा' हे उत्तर नव्हे: लिनक्स, कुलूपबंद क्लाउड आणि माझं वकिलीचं ऑफिस

माझ्या ऑफिसातल्या फायलींमध्ये बायकांच्या जखमांचे फोटो असतात, मुलांचे शाळेचे दाखले असतात, नवऱ्याच्या पगारपत्रकांच्या प्रती आणि रात्री-बेरात्री आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट असतात. नागपुरात, धरमपेठेतल्या दोन खोल्यांतून मी कौटुंबिक न्यायालयाची आणि घरगुती हिंसाचाराची प्रकरणं चालवते. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर फोडायचं नाही, हे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 132 मध्ये आहे, आणि ते बोलण्याइतकंच कागदांनाही लागू आहे.

म्हणून क्लाउड घेताना एकच अट ठेवली होती. फाइल आमच्याच संगणकावर कुलूपबंद व्हावी, किल्ली आमच्याकडे राहावी, आणि कंपनीच्या मनात आलं तरी तिला आतलं वाचता येऊ नये. यालाच एंड-टू-एंड एन्क्रिप्शन म्हणतात. अशी एक परदेशी सेवा घेतली, वर्षाचे पैसे भरले. विंडोजवर ती उत्तम चालली.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधार संपला. वाढीव मुदत मिळत होती, पण त्याने प्रश्न फक्त पुढे गेला असता. आमच्या जुन्या मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नव्हत्या आणि चांगल्या चालणाऱ्या मशीन भंगारात काढायला माझं मन तयार नव्हतं. भाचा व्हीएनआयटीत, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो. एका रविवारी आला आणि त्याने सगळीकडे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकून दिली. प्रिंटर चालला, स्कॅनर चालला, टायपिस्ट काका इनस्क्रिप्ट कीबोर्डवर युनिकोड मराठी टाइप करतात, तेही पहिल्याच दिवशी जमलं. ई-फायलिंग ब्राउझरमधूनच होतं, त्यामुळे तिथेही अडचण नाही. ई-कोर्ट प्रकल्पात जिल्हा न्यायालयांच्या संगणकांवर वर्षानुवर्षं उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार चालत आला आहे, म्हणजे कोर्टात लिनक्स काही परकं नाही.

अडलं ते क्लाउडपाशी. त्या सेवेचं लिनक्ससाठी ॲपच नव्हतं.

मदत केंद्राला लिहिलं. उत्तर आलं की मागणीची नोंद घेतली आहे, तोवर ब्राउझर वापरा. मी परत सविस्तर लिहिलं: ऑफिसात किती लोक आहेत, दिवसभरात किती कागद स्कॅन होतात, ब्राउझरने का भागत नाही. त्यावर दुसऱ्याच कुणाचं उत्तर. ब्राउझरची आवृत्ती कोणती, स्क्रीनशॉट पाठवा. मी ॲप मागत होते आणि ते माझ्या ब्राउझरमध्ये बिघाड शोधत होते. तरी तेही पाठवलं. मग पुन्हा नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून तेच प्रश्न, आणि शेवटी एक वाक्य: लिनक्स योजनेत आहे, तारीख सांगता येत नाही. त्यानंतर तुमच्याकडून उत्तर न आल्याने तक्रार बंद करत आहोत असा आपोआप आलेला मेल. माझं उत्तर त्याच्या वरच, त्याच मेलमध्ये दिसत होतं. तारखांवर तारखा आम्हा वकिलांना नव्या नाहीत, पण तिथे निदान पुढची तारीख तरी देतात.

'ब्राउझर वापरा' या उत्तराचा मला अजून राग येतो, कारण ते ऐकायला वाजवी वाटतं. ब्राउझरला माझ्या संगणकावरच्या फोल्डरवर लक्ष ठेवता येत नाही. काकांनी अर्ज दुरुस्त करून सेव्ह केला की तो आपोआप वर जायला हवा. ब्राउझरमध्ये तो कुणीतरी आठवणीने चढवायचा, जुनी प्रत काढायची, नवी ठेवायची. तारखेच्या दिवशी साडेदहाला कोर्टात पोचायचं असतं, तेव्हा ही आठवण कुणाला राहते? मोठं फोल्डर चढवायला घेतलं की टॅब उघडा ठेवून बसायचं. मध्येच लाइन गेली की काय चढलं आणि काय राहिलं याचा हिशेब हातानेच. आणि खाली उतरवताना सगळं झिपमध्ये. त्यात फोटो शेकड्याने असतील तर जुनी मशीन तिथेच दम तोडते.

याहून गंभीर गोष्ट भाच्याने समजावली. बसवलेलं ॲप एकदा येतं, त्याच्यावर सही असते, त्याचा कोड उघडा असेल तर तपासता येतो. ब्राउझरमध्ये मात्र कुलूप लावणारा कोड दर वेळी पान उघडताना कंपनीच्या सर्व्हरवरूनच येतो. म्हणजे ज्या कंपनीवर विश्वास ठेवावा लागू नये म्हणून ही सेवा घेतली, तिच्यावर रोज सकाळी नव्याने विश्वास ठेवायचा.

साध्या क्लाउडचं इतकं अडत नाही. गूगल ड्राइव्ह 2012 मध्ये सुरू झालं आणि आजवर त्याचंही लिनक्ससाठी अधिकृत सिंक ॲप, म्हणजे फोल्डर आपोआप वर चढवणारं ॲप, नाही. पण तिथे फाइल कंपनीला वाचता येते, त्यामुळे बाहेरच्या कुणीही लिहिलेलं साधन परवानगी घेऊन ती आणू-नेऊ शकतं. कुलूपबंद सेवेत फाइल आणून उपयोग नाही, तिचं कुलूप कसं उघडायचं हे त्या साधनाला माहीत हवं, आणि कंपनीने उद्या पद्धत बदलली की साधन बंद पडतं. म्हणून लिनक्स ॲपची सगळ्यात जास्त गरज नेमकी याच सेवांना आहे. नेमकी तिथेच विंडोज आणि मॅकनंतर लिनक्सचा नंबर लागतो, लागला तर.

कंपन्यांची बाजूही मी समजून घेतली. विंडोज आणि मॅकमध्ये 'फाइल दिसते पण उघडेपर्यंत उतरत नाही' या सोयीसाठी सिस्टीमनेच तयार यंत्रणा दिलेली आहे. लिनक्सवर तशी एकच ठरलेली यंत्रणा नाही, फ्यूज नावाच्या सोयीवर ती स्वतः उभी करावी लागते. शिवाय लिनक्सची वितरणं, म्हणजे मिंट-उबुंटूसारखे प्रकार, अनेक. कोणती प्रणाली किती वापरली जाते हे मोजणाऱ्या स्टॅटकाउंटरच्या आकड्यांत डेस्कटॉपवरच्या लिनक्सचा जागतिक वाटा 2024 मध्ये चार टक्क्यांच्या आसपास होता. हे सगळं मान्य. पण आपली माहिती कुणी वाचू नये म्हणून जादा पैसे मोजणाऱ्या माणसांत लिनक्सवाले चारच टक्के असतील हे मला पटत नाही. आणि मेगा, ट्रेसोरिट, फिलेन या कुलूपबंद सेवांनी लिनक्ससाठी ॲप दिलेलं आहेच. जमत नाही असं नाही, अग्रक्रम देत नाहीत.

भाचा म्हणाला, "आत्या, तू त्यांची वाट नको पाहू. कुलूप आपणच लावू, मग जागा कुणाचीही असू दे."

त्याने आरक्लोन नावाचं मुक्त साधन बसवलं. त्यात क्रिप्ट म्हणून सोय आहे. फाइल आमच्याच मशीनवर एन्क्रिप्ट होते, तिचं नावही एन्क्रिप्ट होतं, आणि मगच ती क्लाउडवर जाते. ऑफिसकडे गूगल ड्राइव्हची जागा आधीपासून होती, तीच वापरली. तिथे आता निरर्थक अक्षरांच्या नावांचे ढीग दिसतात. फाइलचा साधारण आकार आणि बदलल्याची वेळ मात्र लपत नाही, हे माहीत असू द्या. बसवणं एका बैठकीत झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एवढंच की गूगलसाठी स्वतःचा क्लायंट आयडी (गूगलला साधनाची ओळख पटवणारा क्रमांक) काढून घ्या, सामायिक आयडीवर वेग रखडतो.

जुन्या सेवेतलं सगळं बाहेर काढणं हे आधीचं काम, ते सांगायचं राहिलं. ब्राउझरमधून काढू नका. माझ्या ज्युनिअरच्या घरी विंडोज 11 चा लॅपटॉप होता, त्यावर त्या सेवेचं ॲप टाकून सगळं उतरवलं, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतलं, आणि लॅपटॉपवरची प्रत तिच्यासमोरच पुसली.

आता मराठीत फाइलला नाव देणाऱ्यांसाठी. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. एक कुलूपबंद प्रत आम्ही ऑफिसातल्या डिस्कवरही ठेवतो, आणि तिथे काही फाइली जाईनात. 'नाव फार लांब आहे' एवढाच संदेश. लिनक्सच्या नेहमीच्या एक्सटी-4 पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर फाइलच्या नावाला 255 बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. त्यात एन्क्रिप्ट केलेलं नाव मूळच्या दीडपटीहून लांब होतं, म्हणून 255 च्या मर्यादेत मूळ नाव फक्त 143 बाइटपर्यंत मावतं. म्हणजे देवनागरीची 47 चिन्हं. 'अंतरिम पोटगीच्या अर्जावरील सुधारित उत्तर अंतिम प्रत' हे नाव पीडीएफच्या शेपटीसकट 145 बाइट होतं. दोन बाइटसाठी फाइल अडली! विंडोजवर मर्यादा वेगळ्या मापाने मोजली जाते, त्यामुळे तिथे हेच नाव वर्षभर निमूट चाललं होतं. काकांनी नवी पद्धत बसवली: प्रकरण क्रमांक, वर्ष, निशाणी क्रमांक आणि एक-दोन शब्द. बाकी तपशील रजिस्टरमध्ये.

क्रिप्टोमेटर हे असंच फाइल कुलूपबंद करणारं दुसरं साधन, ते वापरणाऱ्यांना ही नावाची अडचण येत नाही. ते लांब नावं स्वतःच आखडून ठेवतं आणि लिनक्सवर मोफत आहे. पण ते फक्त कुलूप लावतं, वर चढवण्याचं काम क्लाउडच्या ॲपने करायचं. ड्रॉपबॉक्सचं लिनक्स ॲप आहे, तुम्ही ते वापरत असाल तर ही जोडी आमच्या मांडणीपेक्षा सोपी पडेल. दिसायलाही नेहमीच्या ड्राइव्हसारखी.

आरक्लोनमध्ये 'सिंक' आणि 'कॉपी' हे वेगळे आदेश आहेत. सिंक केलं की इथे नसलेली फाइल तिथूनही पुसली जाते. चुकून एखादं फोल्डर उडालं तर रात्री क्लाउडवरचंही जाईल. आमच्याकडे रोज रात्री कॉपीच चालते. सगळं नीट पोचलं का हे 'क्रिप्टचेक' या आदेशाने दर शनिवारी ज्युनिअर तपासते.

पासवर्ड आणि त्याच्या जोडीचा दुसरा पासवर्ड, दोन्ही कागदावर लिहून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. ते गेले तर जगात कुणीही फाइल उघडून देऊ शकत नाही. आरक्लोनच्या कॉन्फिगरेशन फाइललाही पासवर्ड लावा. त्यात हे पासवर्ड नुसते झाकलेले असतात, खऱ्या अर्थाने एन्क्रिप्ट केलेले नसतात.

पहिल्यांदा ज्युनिअरने दुसऱ्याच मशीनवर एक जुनं प्रकरण पूर्ण उतरवून उघडून दाखवलं, तेव्हा मला हायसं वाटलं, आणि भाच्याचा अभिमानही. तरी ॲपची मागणी मी सोडलेली नाही. पक्षकाराला दुवा पाठवून सुरक्षितपणे कागद देण्याची जी सोय त्या सेवेत होती, ती या मांडणीत नाही. बार रूममधला एखादा ज्येष्ठ वकील रात्री चालणारे आदेश लिहित बसणार नाही, त्याला बटण दाबून चालणारंच ॲप हवं. तोवर त्याच्या पक्षकारांचे कागद उघड्यावर राहतात.

तुमचीही अशी सेवा असेल तर आपोआप होणारं नूतनीकरण मुदतीआधी बंद करा, ते सेटिंगमध्ये आत दडलेलं असतं. रद्द करताना कारण विचारतात. यादीत लिनक्स नसेल तर 'इतर' निवडा आणि चौकटीत स्पष्ट लिहा की लिनक्ससाठी ॲप नाही म्हणून जात आहे, ॲप आलं की परत येईन. मी तसंच लिहिलं आहे.