श्रावणातल्या रविवारी मंडई: काय घ्यावं, कोणत्या क्रमानं घ्यावं

पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत भाजीसाठी जायचं तर रविवारी सकाळी जावं, आणि जमलं तर श्रावणात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, म्हणजे घाऊक बाजारात, शनिवारी सुट्टी असते आणि आठवड्यातली मोठी आवक रविवारी होते. मंडईतला बराचसा माल यार्डातूनच येतो. त्यामुळे शनिवारी ओट्यावर दिसणारी पालेभाजी बहुतेक शुक्रवारची असते, रविवारी साडेसात-आठला दिसणारी त्याच पहाटेची. स्वस्ताईसाठी निघाला असाल तर मात्र सरळ यार्ड गाठा. मंडईत जायचं ते निवडायला: एकाच वांग्याचे चार तऱ्हेचे ढीग दहा पावलांत बघायला मिळतात, आणि हात लावून घेता येतं.

आता जाणंही सोपं झालंय. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेट मार्गावरचं मंडईचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू आहे. वनाज-रामवाडी मार्गावरून येणाऱ्यांनी जिल्हा न्यायालय स्टेशनला गाडी बदलायची. गाडीनंच यायचं असेल तर मंडईलगत महापालिकेचे बहुमजली वाहनतळ आहेत. रविवारी दहानंतर तिथेही रांग लागते, कारण तुळशीबागेची गर्दीही तिथंच येते.

आत शिरण्याआधी मान वर करून इमारत बघून घ्या. अष्टकोनी मनोरा, दगडी कमानी, १८८६ सालचं बांधकाम. आधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरायचा. मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं ही ‘रे मार्केट’ झाली. जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते आणि या खर्चाला त्यांचा विरोध होता, पैसा शिक्षणावर लावा म्हणून. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं नाव पडलं ते नेमकं फुल्यांचंच!

पहिली फेरी रिकाम्या हातानं मारायची. फक्त भाव विचारायचे. नवखा माणूस इथेच फसतो.

‘मावशी, मटार कसा दिला?’

‘तीस. घे की ताई, पुरंदरचाय.’

हे तीस पाव किलोचे, म्हणजे किलोला एकशेवीस. मंडईत भाव बहुतेक पावाचाच सांगतात. शेजारचा ओटेवाला शंभर म्हणाला तर तो महाग आहे असं समजून पुढे जाऊ नका, तो कदाचित किलोचा सांगतोय. प्रत्येक वेळी ‘पाव की किलो?’ एवढं विचारलं की झालं. पेपरातले बाजारभाव बघून येणाऱ्यांचाही असाच घोळ होतो. ते घाऊक दर असतात, फळभाज्यांचे दहा किलोचे आणि पालेभाज्यांचे शेकडा जुड्यांचे. त्याला दहानं किंवा शंभरानं भागा. वर हमाली, वाहतूक, निवडताना जाणारी नासाडी आणि विक्रेत्याचा नफा धरा. दीडपट-पावणेदोनपट भाव मग फारसा खुपत नाही.

श्रावणातलं खरं सुख म्हणजे पुरंदरचा मटार. थंडीतला बाहेरगावचा मटार आकारानं मोठा आणि स्वस्त असतो, पण चवीला हा सरस. शेंग हिरवीगार, तुकतुकीत आणि भरलेली बघा, पण तट्ट फुगलेली नको. साल खरबरीत आणि फिकट झाली असेल तर दाणा जून, शिजायला वेळ घेणार आणि पिठूळ लागणार. ढिगातली एक शेंग सोलून दाणा तोंडात टाका, कुणी नको म्हणत नाही. गोड लागला तरच घ्या. तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होऊ लागतो, म्हणून घरी नेऊन दोन दिवस पिशवीत ठेवलेला मटार सकाळच्या मटारासारखा लागत नाही. किलोभर शेंगांतून साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम दाणे निघतात. चार माणसांची उसळ आणि वर थोडे पोह्यांना हवे असतील तर दोन किलो लागतात. ओल्या शेंगांचा ढीग टाळा. पावसानं भिजलेल्या शेंगा वजनात पाणी देतात आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडतात.

मग अळू. इथे आधी ठरवा: वड्या की फदफदं? वडीला काळ्या-जांभळ्या देठाचं, भाजीला हिरव्या देठाचं. दोन्ही शेजारी ठेवलेली असतात आणि घाईत उलटी जुडी पिशवीत जाते. वडीची जुडी घेताना सोडून बघायला सांगा. वरची दोन पानं परातीएवढी आणि आतली तळहाताएवढी, असा प्रकार नेहमीचा. उंडा (बेसन लावून केलेली पानांची गुंडाळी) नीट व्हायचा तर पानं साधारण एका मापाची हवीत, फाटलेली नकोत. एका उंड्याला पाच-सहा पानं लागतात. फदफद्यासाठी दोन जुड्या अळू घेतलं की एक जुडी आंबट चुका त्याच ओट्यावरून घ्या. चुका नसेल तर चिंच वाढवावी लागते, आणि ती कमी पडली की घशाला खाज. अळवातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात, म्हणून ही खाज. आंबट आणि पुरेसं शिजवणं, हाच त्यावर इलाज.

रानभाज्या आतल्या ओट्यांपेक्षा बाहेर जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या बायकांकडे बघा. कर्टोली हिरवीच घ्या. पिवळसर झाली की आतल्या बिया दाताखाली येतात. महाग असतात, पण पाव किलो चौघांना पुरतात. फोडशी घेतली तर पात्यांच्या मधला कडक दांडा घरी काढायचा, हे विसरलात तर सगळी भाजी चोथा लागते. टाकळा फक्त कोवळ्या पानांचा. भाजी कशी करायची तेही त्याच मावशींना विचारा. पुस्तकापेक्षा उत्तर नेमकं मिळतं.

बाकीचं झटपट. भरताचं वांगं आकाराच्या मानानं हलकं घ्या, जड असेल तर बिया जास्त. देठाच्या टोपीशी बारीक छिद्र असेल तर आत अळी आहे, कितीही चकचकीत दिसलं तरी परत ठेवा. भेंडीचं शेपूट कटकन मोडायला हवं (ओळीनं दहा भेंड्या मोडल्यात तर शिव्या पडतील, एक पुरे). तोंडलं आतून लाल निघालं तर पिकलेलं. दुधीला नख सहज रुतावं. कोथिंबीर बारीक पानांची, मुळांसकट घ्या आणि घरी न धुता मुळं कापून कागदात गुंडाळा, आठवडाभर टिकते. पावसाच्या झडीत कोथिंबिरीचा भाव एका दिवसात दुप्पट होतो, कारण शेतातच निम्मी सडते. त्या दिवशी घासाघीस करण्यात अर्थ नसतो.

फळांत श्रावणात सीताफळ सुरू झालेलं असतं, तेही पुरंदरचंच नावाजलेलं. डोळे मोठे आणि एकमेकांपासून सुटलेले, मधल्या रेषा पिवळसर, असं फळ टणक असलं तरी घरी दोन-तीन दिवसांत पिकतं. डोळे चिकटलेलं फळ कोवळं तोडलेलं असतं, ते पिकण्याऐवजी काळं पडून बसतं. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये ठेवू नका. पूजेला वेलची केळी मागा, नाहीतर मोठी केळी हातात देतात. अंजिरासाठी डिसेंबरनंतर या.

तोलताना दोन गोष्टी बघा. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी शून्य हवं, आणि टोपलीत घालून तोलत असतील तर टोपलीचं वजन वजा झालेलं हवं. सांगायला लाजू नका, ‘दादा, आधी रिकामी टोपली ठेवा’ म्हटलं की ठेवतात. निवडून घेता येईल का, हेही भावाबरोबरच विचारा. काही ढिगांचा भाव न निवडता घेण्याचा असतो.

पिशव्या घरून न्या. प्लास्टिक पिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि कापडी पिशवी तिथं विकत घेतली तर तिचा बंद तासाभरात उसवतो. दोन जाड पिशव्या, एक झाकणाचा डबा आणि दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा एवढं पुरतं. खरेदीचा क्रम वजनानुसार: आधी कांदे-बटाटे, सुरण, भोपळा, मग मटार, वांगी, दुधी, आणि शेवटी टोमॅटो, पालेभाज्या, सीताफळ. सीताफळं डब्यात. टोमॅटो आधी घेतले की घरी पोचेपर्यंत सार तयार!

संध्याकाळी सातनंतर बाहेरचे विक्रेते वाटे लावतात. दहा-वीस रुपयांचा वाटा, निवडायचा नाही. त्याच रात्री शिजवणार असाल तर सौदा चांगला, साठवायला मुळीच नाही.

गणपतीच्या दिवसांत मात्र भाजीसाठी इकडे येणं टाळा. मंडईचा गणपती आणि आसपासची मानाची मंडळं यांमुळे संध्याकाळी रस्ते बंद होतात आणि स्टेशनवरही पाय ठेवायला जागा नसते. त्या दहा दिवसांत यायचंच असेल तर सकाळी नऊच्या आत खरेदी उरका. दूर्वा-केवडा हवा असेल तर तो आदल्या दिवशीच घ्या, चतुर्थीच्या सकाळी दूर्वांच्या जुडीचा भावही विचारवत नाही.