पणजोबांचं मेडल आणि सुटकेचा कागद

पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीत होते, बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) लढले, असंच आमच्या घरात सांगायचे. पुरावा म्हणजे आत्याच्या ट्रंकेत फडक्यात बांधलेलं मेडल. यंदा ते नीट बघितलं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, टापांखाली गरुडाची ढाल आणि कवटी, 1914 आणि 1918. म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. पण शिपायांना ते चांदीचं मिळायचं आणि आमचं ब्राँझचं! चांदीची 65 लाखांच्या आसपास वाटली, ब्राँझची साधारण 1 लाख 10 हजार, तीही मुख्यतः मजूर तुकड्यांना. कडेवर भिंग धरलं तर नंबर, नाव आणि पुढे लेबर कोअर, पलटणीचं नाव नाहीच. (तुमच्याकडे असं मेडल असेल तर प्लीज पॉलिश करू नका, कडेवरची अक्षरं झिजतात.)

मेडलखाली चार घड्या घातलेला एक इंग्रजी कागद होता, घरात कोणी वाचलेलाच नव्हता. तो पणजोबांच्या सुटकेचा निघाला: तेव्हाच्या दंड संहितेचं कलम 395, म्हणजे दरोडा, आणि मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कामाबद्दल उरलेली शिक्षा माफ.

मग राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अभिलेख पटल साइटवर बसले. नावाने शोधून काही मिळालं नाही, साध्या मजुराच्या नावाची फाइल कोण करणार, पण जेल, लेबर, मेसोपोटेमिया असे शब्द टाकत गेले तसं चित्र उलगडलं. एप्रिल 1916 मध्ये मेसोपोटेमियातलं कुट पडलं, म्हणजे तिथली ब्रिटिश-हिंदी फौज तुर्कांना शरण गेली, बसऱ्याला धड धक्के नाहीत, रस्ते नाहीत, मजूर मिळेनात, तेव्हा सरकारने हिंदुस्थानातल्या तुरुंगांतून माणसं काढली, शिक्षेत सूट देतो म्हणून, आणि अशी पंधरा हजारांवर माणसं जहाजाने तिकडे गेली. बोटी खाली करायच्या, रस्ते बांधायचे, मैला उचलायचा. त्या मरणाच्या उन्हात हे सगळं ज्यांनी केलं त्यांना पलटणवाल्यांपेक्षा कमी का मानायचं, मला खरंच पटत नाही.

आत्याला वाचून दाखवलं तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली, "दादांना ठाऊक असणार गं. म्हणून तर ते ट्रंकेला कुणाला हात लावू देत नव्हते." चुलत्यांना मात्र हे कुठे बोललेलं नकोय. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मुलांना मी खरं तेच सांगणार.

आता खटल्याचे कागद शोधतेय. दरोडा नेमका कुठे पडला आणि सोबत कोण होतं एवढं तरी कळायला हवं.