माझ्या नावावरचा दुसरा पेपर मागे घ्यायला लावला, त्याची हकिगत

प्रमोशनच्या फायलीसाठी माझ्या पेपरांची, म्हणजे छापून आलेल्या शोधनिबंधांची, यादी करायला बसले होते. गूगल स्कॉलरवरच्या माझ्या पानावर एक पेपर जास्तीचा दिसला. शीर्षक अनोळखी, जर्नलही कधी न ऐकलेलं, पण लेखकांत दुसरं नाव माझं. पीडीएफ उघडली आणि आलेख दिसताच ओळख पटली. गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या खाजन शेतांतल्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल शेतांतल्या, मातीच्या क्षारतेचा तो आलेख. सगळे ठिपके खाली एका पट्ट्यात, आणि एकच वर, बाजूला पडलेला. ते शेत मी विसरणं शक्य नाही. त्या वर्षी तिथला बांध फुटला होता, भरतीला मांडवीचं खारं पाणी आत घुसलं होतं, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून मी तिथल्या मातीचे नमुने काढले होते.

हाच अभ्यास आमचा आधीच एका जर्नलमध्ये छापून आला होता. दोन्ही पीडीएफ शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. पहिल्यात ठिपके निळे गोल होते, दुसऱ्यात हिरवे त्रिकोण. पहिल्यात शेतांना वाड्यांची नावं होती, दुसऱ्यात नुसते क्रमांक. प्रस्तावना नव्याने लिहिलेली, तक्ते मात्र दशांशापर्यंत तेच. नमुने कुठल्या वर्षी घेतले ते गाळलेलं. आणि संदर्भयादीत पहिल्या पेपरचं नावच नाही. पद्धतीच्या वर्णनातली दोन-चार वाक्यं जुळली असती तर मी सोडून दिलं असतं. मातीची चाचणी कशी केली हे दर वेळी वेगळ्या शब्दांत कोण लिहिणार? पण शेतांची नावं पुसून क्रमांक टाकणं हे कुणाच्या हातून चुकून होत नाही.

पहिला फोन माझ्या जुन्या गाईडना केला. दोन्हीकडे करस्पॉन्डिंग ऑथर, म्हणजे जर्नलशी पत्रव्यवहार करणारे लेखक, तेच. सर रागावले नाहीत, उलट समजावायला लागले. ‘‘अगं, डेटा आपलाच ना? कुणाचा चोरला का आपण? आणि तुझ्याही यादीत एक वाढला.’’ ज्यांनी मला बांधाच्या मेरेवरून तोल सांभाळत चालायला शिकवलं, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेचं, दार ओहोटीला आपोआप कसं उघडतं ते पाण्यात उतरून दाखवलं, त्यांच्याशी या विषयावर बोलणं सोपं नव्हतं. तरी सांगितलं, ‘‘सर, वाचणाऱ्याला हे दोन अभ्यास वाटतात. अभ्यास एकच झालाय.’’ पुढचे दोन-तीन दिवस वाट पाहीन, तुम्हीच संपादकांना कळवलंत तर फार बरं, असंही म्हटलं. त्यांनी कळवलं नाही.

आमच्या कॉलेजात बऱ्याच जणांना यात एवढं काय बिघडलं ते कळत नव्हतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते. औषधांच्या क्षेत्रात याचा हिशेब मांडला गेला आहे. मार्टिन ट्रामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ऑन्डॅन्सेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या औषधाच्या चाचण्या तपासल्या. त्याच रुग्णांची माहिती वेगवेगळ्या पेपरांतून पुन्हापुन्हा छापली गेली होती, बऱ्याचदा आधीच्या पेपरचा उल्लेखही न करता. ही पुनरावृत्ती एकत्रित हिशेबात धरली तर औषधाचा गुण प्रत्यक्षापेक्षा २३ टक्के जास्त भरत होता. म्हणजे डॉक्टर चुकीच्या भरवशावर औषध लिहून देणार. आमच्या मातीने कुणाच्या जिवाला धोका नव्हता. पण शोधल्यावर किनारी जमिनींवरचा एक आढावा-लेख सापडलाच, आणि त्यात आमचे दोन्ही पेपर ‘एकमेकांना दुजोरा देणारे’ म्हणून शेजारीशेजारी घेतले होते. ते वाचून मला खरोखर वाईट वाटलं. दुजोरा कसला, साक्षीदार एकच, दोनदा उभा केलेला.

दुसऱ्या जर्नलच्या संपादकांना पत्र लिहिलं. आरोपाची भाषा ठेवली नाही. दोन्ही पेपरचे डीओआय (प्रत्येक पेपरचा ऑनलाइन ओळख-क्रमांक), कुठला तक्ता कुठल्या तक्त्याशी जुळतो ते, आणि या सबमिशनची मला कल्पना नव्हती हे एक वाक्य. हेच पत्र पहिल्या जर्नललाही पाठवलं, कारण अशा वेळी दोन्ही संपादक एकमेकांशी बोलले तरच गाडी पुढे जाते. ‘कोप’ ही प्रकाशनातल्या नीतीसाठी १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली समिती आहे. तिने संपादकांनी कुठल्या क्रमाने काय करायचं ते आखून दिलंय. आधी लेखकाकडे खुलासा मागायचा, तो आला नाही किंवा पटला नाही तर त्याच्या संस्थेला कळवायचं, आणि पुनरावृत्ती मोठी असेल तर नंतरचा पेपर मागे घ्यायचा. आधीचा पेपर, त्यातले निष्कर्ष खरे असतील तर, तसाच राहतो. मला धाकधूक होती ती याचीच, की दोन्ही उडाले तर शेतात घालवलेली ती वर्षं गेलीच.

आणि नेमकं तिथेच अडलं. पहिल्या जर्नलचा अंक रखडला होता, त्यामुळे दोन्ही पेपर जवळपास एकाच सुमाराला ऑनलाइन आले होते. दुसऱ्या संपादकांचं म्हणणं, आमचा आधी. अशा वेळी कॉपीराइटच्या करारावर सही कुठल्या तारखेला झाली ते बघावं, असं कोपच्या सूचनांतच आहे. पहिला करार माझ्या जुन्या मेलमध्ये होता. दुसरा संपादकांनी मागवून पाहिला, आणि त्यावरची तारीख बरीच नंतरची निघाली. तो फॉर्म मलाही पाठवला. खाली सही एकट्या सरांची, वर छापील वाक्य: ‘सर्व सहलेखकांच्या वतीने व त्यांच्या संमतीने’. माझी संमती त्या एका वाक्यात बसवली होती. जर्नलने सहलेखकांना मेल पाठवला होता म्हणे, पण तो माझ्या विद्यार्थिदशेतल्या पत्त्यावर, आणि तो पत्ता कधीच बंद झालाय.

मागे घेण्याच्या सूचनेचा मसुदा आला त्यात लिहिलं होतं, ‘लेखकांच्या विनंतीवरून’. मी हरकत घेतली. सूचनेत कारण आणि कोण मागे घेतंय हे दोन्ही स्पष्ट हवं, असं कोपच सांगते. शेवटी कारण आलं, पहिल्या पेपरचा डीओआय आला, आणि ‘संपादकांनी मागे घेतला’ असं आलं. एका सहलेखिकेने हे निदर्शनाला आणलं, हे वाक्य मात्र घातलं नाही. ते यायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं, कारण यादीतल्या सगळ्याच नावांवर आता सारखाच डाग दिसतो. पेपर साइटवरून काढत नाहीत, प्रत्येक पानावर ‘रिट्रॅक्टेड’ असा आडवा शिक्का मारून तिथेच ठेवतात, आणि ते योग्यच आहे. गायब केला तर ज्यांनी त्याचा आधार घेतला त्यांना कळणार कसं?

कॉलेजात एक ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, यादीत राहू द्यायचा होतास, विचारतंय कोण. यूजीसीने २० एप्रिल २०२० च्या पत्रकात आपलंच छापलेलं काम नीट उल्लेख न करता नवं म्हणून मांडणं अमान्य ठरवलंय, ते मी त्यांना दाखवलं. पण पत्रक नसतं तरी मी तो पेपर यादीत ठेवला नसता. या खटपटीत एक फायदा झाला. याच अभ्यासावर शेतकऱ्यांसाठी मराठीत लेख लिहावा असं मनात होतं, आणि आता तोही पुनरावृत्तीत जाईल की काय, अशी शंका आली. पहिल्या संपादकांना विचारलं. त्यांचं उत्तर सरळ होतं: वाचक वेगळा आहे, आमची आणि मराठी लेख छापणाऱ्याची, अशी दोन्ही संपादकांची परवानगी घ्या, आणि मूळ पेपर कुठला ते तळटीपेत स्पष्ट लिहा. करगुट या खाजनात होणाऱ्या भाताच्या पेरणीआधी तो लेख दिवाडीत पोचावा म्हणून आता लिहायला घेतलाय.

आढावा-लेखाच्या लेखकांनाही कळवलं. त्यांनी आभार मानले आणि दुरुस्ती पाठवतो म्हणाले. ती अजून छापून आलेली नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारणार आहे.